बाळंतिणीच्या रक्ताचं माप

आपल्या सीमाभागातल्या माणसाला मोजमापाचं कौतुक नाही, असं कोण म्हणेल? निपाणीच्या पेठेत तंबाखू काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. विड्या वळणाऱ्या बाईला पानं आणि तंबाखू वजन करून मिळते, आणि तिच्या विड्या हजाराच्या हिशेबानं मोजून घेतल्या जातात. खराब निघालेल्या बाजूला काढून त्याचा हिशेब पुन्हा वेगळा. डेअरीत दुधाच्या लिटरबरोबर फॅटही पाहिलं जातं. उसाच्या काट्यावरून तर दर हंगामात वाद ठरलेला. पण याच घरातली बाई बाळंत होते, तेव्हा तिच्या अंगावरून किती रक्त गेलं हे पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोजलं नाही. ‘लई गेलं’, ‘बेताचंच गेलं’, ‘दोन लुगडी भिजली’ एवढ्यावर हिशेब संपायचा.

हे रक्त मोजण्याची एक अगदी साधी सोय आपल्या बेळगावच्या डॉक्टरांच्या हातून घडली आणि पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत वापरली गेली, हे इथल्या किती घरांना ठाऊक असेल? मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. मोजपात्र, तराजू, तापमापक यांचा धडा दर जूनमध्ये घेतला. पण मोजपात्रावरच्या एका रेघेवर बाईचा जीव अवलंबून असू शकतो, हे या कामाची माहिती वाचेपर्यंत माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

आधी थोडं शरीराबद्दल. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असतं. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की वार जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. निसर्गानं त्यावर तोडगा ठेवलेला आहे. गर्भपिशवीचे स्नायू घट्ट आवळतात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या या वाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या मिटतात. पिशवी आवळली नाही, सैल राहिली, तर नळ उघडाच राहतो. धडधाकट बाईसुद्धा एक-दोन तासांत हातची जाऊ शकते. थोडं रक्त प्रत्येकीचंच जातं, ते शरीर सोसतं. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त गेलं तर डॉक्टर त्याला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणत आले आहेत, आणि एक लिटर ओलांडलं तर तीव्र. जगात आजही या एका कारणानं वर्षाला सुमारे ४५ हजार बायका दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता ५०० मिलिलिटर म्हणजे किती? अर्धा लिटरची दुधाची पिशवी. ही ओळखणं काय अवघड, असं वाटेल. मला पण पाहायचं होतं. म्हणून एका रविवारी मी अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवलं. त्यातलं थोडं फरशीवर सांडलं, बरंचसं एका जुन्या सुती लुगड्यावर आणि दुपदरी गोधडीवर ओतलं. मग घरच्यांना बोलावून विचारलं, ‘सांगा, किती पाणी आहे?’ फरशीकडे पाहणाऱ्या सुनेला ते लिटरभर वाटलं. गोधडीकडे पाहून माझे दीर म्हणाले, ‘वैनी, वाटीभर असेल, फार तर दीड वाटी.’ नातवानं दोन्हींच्या मधला आकडा सांगितला आणि कुंकू वाया घालवल्याबद्दल मला बोलणी बसली ती वेगळीच. अर्धा लिटर कुणीच म्हणालं नाही. वाचकहो, घरी करून पाहा. कापड पाणी पिऊन टाकतं आणि वर फक्त डाग दाखवतं. डोळ्याला दिसतो डाग किती पसरला ते; किती खोल मुरला, ते त्याला कळत नाही.

बाळंतपणात तर यात आणखी गोंधळ. गर्भजल मिसळलेलं असतं, लघवी असते, उजेड बेताचा असतो. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त नर्सबाई आहेत. उपकेंद्रांवर तीसहून जास्त वर्षं काढलेल्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘बाई, कंदिलाच्या उजेडात रक्तही काळं दिसतं आणि पाणीही काळंच. मी कपडे मोजायचे. तीन कपडे भिजले की माझ्या पोटात गोळा यायचा. पण डॉक्टरांना निरोप काय धाडणार? “लई जातंय” म्हटलं की पलीकडून विचारणार, लई म्हणजे किती?’

या ‘लई म्हणजे किती’चं उत्तर देणारी ती सोय.

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेनं गरीब देशांतल्या बायका-मुलांच्या आरोग्यासाठी ‘ग्लोबल नेटवर्क’ नावाची संशोधनाची साखळी उभी केली. तिचं एक केंद्र म्हणजे बेळगावच्या नेहरूनगरातलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. के.एल.ई. संस्थेचं हे कॉलेज १९६३ सालचं. इथले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन व त्यांचा गट यांनी मिळून एक प्रश्न हाती घेतला. खेड्यात, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईचा रक्तस्राव एखाद्या गोळीनं टाळता येईल का?

त्या काळी गर्भपिशवी आवळण्यासाठी खात्रीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. पण ते फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. आपल्या खेड्यांतल्या विजेचे हाल मी नव्यानं सांगायला नकोत. मिसोप्रोस्टॉल हे औषध मात्र मुळात पोटाच्या अल्सरसाठी निघालेलं; गोळीच्या रूपात मिळतं, फ्रिज नको, सुई नको. ते बाळंतिणीला उपयोगी पडतं का, हे पारखायचं होतं.

पण औषधानं रक्तस्राव कमी झाला की नाही हे ठरवायचं तर आधी रक्त मोजता आलं पाहिजे, तेही खेड्यातल्या घरात, एकट्या एएनएम नर्सला. म्हणून या मंडळींनी प्लास्टिकचा एक कपडा बनवला. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल निघून गेलं की तो बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचा आणि त्याच्या पट्ट्या पोटाभोवती बांधायच्या. कपड्याचं खालचं टोक निमुळत्या पिशवीसारखं असतं. अंगावरून जाणारं सगळं रक्त त्यात उतरतं. पिशवी पारदर्शक, आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. बस्स, एवढंच यंत्र. ना बॅटरी, ना काटा. ‘ब्रास-व्ही’ असं तिचं नाव ठेवलं. ते घडवणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून झालेलं.

विज्ञानाच्या बाईला राहवत नाही म्हणून एक सांगते. निमुळत्या भांड्यात रेघा सारख्या अंतरावर काढून चालत नाही. तळाशी भांडं अरुंद, म्हणून थोडं रक्त पडलं तरी पातळी भराभर चढते. वर रुंद, म्हणून तेवढंच रक्त पडलं तरी पातळी हळू चढते. रेघा खाली लांब लांब आणि वर जवळ जवळ येतात. घरातल्या गाळणीच्या फनेलमध्ये वाटीवाटीनं पाणी ओतून मुलांना हे दाखवता येतं.

मोजायचं साधन बनवलं की ते खरं मोजतं का, हेही तपासावं लागतं. काट्याचा काटा कोण तपासणार? त्यासाठी या गटानं दोन गोष्टी केल्या. एका मोठ्या रुग्णालयातल्या १२३ बाळंतिणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटात रक्ताचा अंदाज नेहमीप्रमाणे डोळ्यांनी घेतला, दुसऱ्यात या पिशवीनं मोजलं. डोळ्यांचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे तीन वाट्या गेल्या असतील तर डोळा सांगतो दोन. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेतल्या सर्वांत खात्रीच्या पद्धतीशी पिशवीचं माप ताडून पाहिलं. या पद्धतीत रक्त लागलेलं कापड सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवतात, रक्तातलं हिमोग्लोबिन त्यात उतरतं, आणि त्या रंगीत द्रावणातून प्रकाश पाठवून किती प्रकाश अडला हे यंत्र पाहतं. जितका प्रकाश अडतो, तितकं रक्त जास्त. दोन्ही मापांचा मेळ ०.९२८ इतका बसला. अगदी तंतोतंत मेळ असता तर तो आकडा १ आला असता. प्लास्टिकच्या पिशवीसाठी हे काही कमी नाही. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

गुळव्याचा डोळा आणि नर्सचा डोळा

इथं कुणी म्हणेल, अनुभवी डोळ्याला काय माप लागतं? आपल्याकडे गुऱ्हाळात गुळव्या असतो. काहिलीतला पाक उतरवायचा क्षण तो नुसत्या रंगावरून, बुडबुड्यांवरून ओळखतो. फार तर पाण्यात थेंब टाकून गोळी होते का पाहतो. त्याच्याजवळ तापमापक नसतो आणि त्याचा गूळ बिघडत नाही. मग नर्सचा तीस वर्षांचा डोळा का चुकावा?

मला वाटतं फरक असा आहे. गुळव्याला त्याच्या अंदाजाचा निकाल त्याच दिवशी मिळतो. पाक जरा जास्त झाला, तर ढेप सांगते. कमी झाला, तरी ढेप सांगते. दुसऱ्या काहिलीला तो हात सुधारतो. नर्सला मात्र आपला अंदाज किती चुकला हे कधी कळतच नाही. तिनं ३०० म्हटलं, खरे ६०० होते, बाई जगली. अंदाज बरोबरच होता असं सगळे धरून चालतात. बाई गेली, तर ‘नशीब’ म्हणतात. ज्या चुकीचा निकाल लागत नाही ती चूक तीस वर्षांच्या अनुभवानंही सुधारत नाही. आणखी वाईट असं, की रक्त जितकं जास्त जातं तितका डोळा जास्त चुकतो, हे जगभरच्या पाहण्यांत दिसलं आहे. थोडं गेलं तर अंदाज बरा असतो. खरा धोका असतो नेमका तेव्हाच तो कमी पडतो.

तर पिशवी तयार झाली आणि सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या ४ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत ती प्रत्यक्ष वापरली गेली. २५ एएनएम नर्सेसनी बाळंतपणं केली, त्यांनीच गोळ्या दिल्या आणि त्यांनीच रक्त मोजलं. एकूण १६२० बायका. ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे ना बाईला ठाऊक, ना नर्सला. निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १२ जणींचा रक्तस्राव ५०० च्या वर गेला होता. औषध घेतलेल्यांत तो आकडा ६.४ वर आला. एक लिटरच्या वरचा तीव्र रक्तस्राव शंभरी १.२ वरून ०.२ वर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. काहींना थंडी वाजून आली, ताप आला, पण तो थोड्या वेळात उतरला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

बातम्या झाल्या त्या गोळीच्या. पिशवी मागं राहिली. माझ्या मते तीच जास्त मोलाची होती. १२ आणि ६.४ हे आकडे तिच्याशिवाय निघालेच नसते.

नुसतं मोजून भागत नाही

पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोजलं म्हणजे काम झालं, असं नाही. युरोपातल्या १३ देशांत अशीच रेघांची पिशवी हजारो बाळंतिणींना लावून पाहिली गेली. २०१० साली निकाल आला. तीव्र रक्तस्राव पिशवी असलेल्या दवाखान्यांत शंभरी १.७१ आणि नसलेल्यांत २.०६, म्हणजे फरक इतका बारीक, की तो पिशवीमुळं पडला असं शास्त्रानं म्हणता येईना. पिशवी होती, रेघा होत्या, आकडाही होता. पण आकडा वाचल्यावर कुणी काय करायचं, हे तिच्याबरोबर ठरवून दिलेलं नव्हतं.

विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. टाकी भरली की पाण्यावर तरंगणारा गोळा वर येतो आणि मोटार बंद होते. गोळा पाणी मोजतो, पण त्याची तार मोटारीच्या बटणाला जोडलेली नसेल तर तो नुसता तरंगत राहील आणि पाणी अंगणभर होईल. इंजिनिअर लोक याला नियंत्रण म्हणतात. मोजणं, एक मर्यादा ठरवणं, आणि मर्यादा ओलांडताच काहीतरी घडणं, हे तिन्ही एका तारेत असावं लागतं.

ही तार जोडली गेली ती केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत. ‘ई-मोटिव्ह’ नावाचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. २ लाख १० हजारांहून जास्त बाळंतपणं त्यात होती. काही रुग्णालयांत रेघांची पिशवी दिली. तिच्यावर ३०० आणि ५०० ला ठळक इशाऱ्याच्या रेघा. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी तपासणी. आणि रेघ ओलांडताच थांबून एकेक उपाय करून पाहायचा नाही, तर पाच गोष्टी एकदमच करायच्या: पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ती आवळण्याचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवणारं इंजेक्शन, सलाइन, आणि रक्त नेमकं कुठून येतंय याची आतून तपासणी. दुसऱ्या रुग्णालयांत पिशवी होती, पण बिनरेघांची. तिथं नेहमीची पद्धत.

बिनरेघांच्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या, शंभरातल्या ५१ जणी ओळखल्या गेल्या. उरलेल्या ४९ जणींच्या कॉटशेजारी शिकलेली नर्स होती, डॉक्टर होते, दिवे होते. कुणाच्या लक्षातच आलं नाही. रेघांच्या रुग्णालयांत ९३ ओळखल्या गेल्या. तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांतलं काही ना काही शंभरी ४.३ जणींच्या वाट्याला आलं होतं, ते १.६ वर उतरलं.

हे आकडे मी नर्सबाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे बाई, रेघेनं डॉक्टरांना बोलावलं. आम्ही बोलावलं की आधी आमचं वय बघायचे, मग शिक्षण.’ मला हे संशोधनाच्या कुठल्याही कागदात सापडलं नव्हतं. नवखी पोरगी असो की म्हातारी आया, ‘रेघ ओलांडली’ एवढं तिला म्हणता येतं, आणि तिच्याशी वाद घालायला जागा राहत नाही.

गोकाकचे तीन दिवे

आपल्या जिल्ह्यात अशीच आणखी एक वस्तू येऊन गेली. गोकाक म्हटलं की आपल्याला धबधबा आणि करदंट आठवतो. २०१६-१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजनं चालवलेल्या ‘क्रेडल’ नावाच्या अभ्यासाचं भारतातलं ठिकाण गोकाक होतं. बाकीची ठिकाणं आफ्रिकेत आणि हैतीत. ही वस्तू म्हणजे रक्तदाब मोजायचं छोटं यंत्र, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं. ते रक्तदाब आणि नाडी मोजतं आणि सिग्नलसारखा हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावतं. आकडे वाचून अर्थ लावायची गरज नाही.

यातली युक्ती मला फार आवडली. रक्त जाऊ लागलं की शरीर लगेच हार मानत नाही. वाहिन्या आवळून आणि हृदय जोरात चालवून ते रक्तदाब सावरून धरतं. म्हणून नुसता रक्तदाब पाहिला, तर बरंच रक्त जाईपर्यंत तो ‘नॉर्मल’च दिसतो, आणि घसरू लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. नाडी मात्र आधीच वाढलेली असते. म्हणून नाडीच्या आकड्याला रक्तदाबाच्या वरच्या आकड्यानं भागायचं. नाडी ८०, रक्तदाब १२०, तर उत्तर ०.६७, ठीक. नाडी ११०, रक्तदाब १००, तर उत्तर १.१, दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर फार भयंकर वाटत नाहीत, पण भागाकार सांगतो की आत गळती चालू आहे. या यंत्रात ०.९ ला पिवळा दिवा आणि १.७ ला लाल. भागाकार चौथीतला, पण रात्री दोन वाजता, दमलेल्या माणसाकडून तो होत नाही. यंत्र करतं.

या अभ्यासात ५ लाखांहून जास्त बाळंतपणांची नोंद झाली. गंभीर घटना दहा हजारांत ७९.४ वरून ७२.८ वर आल्या. पण काळाबरोबर आपोआप होणारी सुधारणा आणि ठिकाणाठिकाणांतला फरक वजा केल्यावर, ही घट यंत्रामुळंच झाली असं ठामपणे म्हणता आलं नाही. संशोधकांनी ते तसंच लिहिलं. लाल दिवा लागला तरी पुढं गाडी, रक्त आणि डॉक्टर नसतील तर दिवा काय करणार?

आज आपल्याकडे घरची बाळंतपणं जवळपास संपली आहेत. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. देशात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या; २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, कर्नाटकात ६९ वर. पण त्याच पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. धडधाकट बाईनं अर्धा लिटर गमावणं आणि जिचं हिमोग्लोबिन आधीच ७ वर आलंय तिनं अर्धा लिटर गमावणं, हे सारखं कसं असेल? ते हिमोग्लोबिनसुद्धा आपल्या आरोग्य केंद्रांत कितीतरी वर्षं डोळ्यांनीच मोजलं गेलं. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात आम्ल घालायचं, तपकिरी झालेलं द्रावण थेंब थेंब पाणी घालून पातळ करायचं, आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळलं की आकडा वाचायचा. खिडकीतून ढग गेला तरी आकडा बदलावा, अशी ती पद्धत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि प्रसूती-परिचारिकांच्या जागतिक संघटनांबरोबर नवे नियम जाहीर केले. रेघांची पिशवी वापरून रक्त मोजा, हे त्यात आहेच. पण आता ५०० ची वाट पाहायची नाही. रक्त ३०० मिलिलिटर गेलं आणि त्याबरोबर नाडी, रक्तदाब किंवा त्यांचा भागाकार यांत बिघाड दिसला, की लगेच उपचार सुरू करायचे. पिशवीची रेघ आणि नाडीचा भागाकार, आपल्या जिल्ह्यानं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावांत पाहिलेल्या या दोन गोष्टी नव्या नियमात एकत्र आल्या.

आपल्या भागात यात एक अडचण जास्तीची आहे. निपाणीची मुलगी कागलला दिलेली, खानापूरची चंदगडला, गडहिंग्लजची संकेश्वरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ऐन आठव्या-नवव्या महिन्यात ती राज्य बदलते. कर्नाटकातलं ‘तायी कार्ड’ कन्नडमधलं, महाराष्ट्रातलं मराठीतलं. अडीनडीला रात्री गाडी बेळगावला न्यायची की कोल्हापूरला, यावर घरातल्या पुरुषांची चर्चा होते. तेव्हा लेकीला माहेरी आणताना पिशवीत तूप-डिंकाच्या आधी तिचं कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद घाला. शेवटचं हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, रक्तगट कोणता, एवढ्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर आकड्यांत लिहून ठेवा. आकडे दोन्हीकडच्या सिस्टरना सारखेच वाचता येतात. कुठल्या दवाखान्यात बाळंतपण करायचं ते ठरवताना खोलीचं भाडं विचारता, तसंच ‘रक्त मोजायची पिशवी लावता का?’ आणि ‘रात्री रक्त लागलं तर कुठून येतं?’ हेही विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर दुसरा दवाखाना पाहावा.

घरी आल्यावर पिशवी नसते, तेव्हा नजर आपलीच. पॅड तासाभराच्या आत पूर्ण भिजू लागला, मोठ्या गाठी पडू लागल्या, बाळंतीण घाबरीघुबरी झाली, उठताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा अंग गार पडून घाम फुटला, तर ‘बाळंतिणीला जायचंच’ म्हणून बसू नका. १०८ ला फोन करा आणि भिजलेले पॅड टाकून न देता एका पिशवीत घालून सोबत न्या; दवाखान्यात त्यांचं वजन करता येतं. रक्ताचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम.